सरांनी दुरुस्ती सोडली

"नवा अल्टरनेटर दे," सर म्हणाले, आणि माझ्या बशीतला चहा काउंटरवर सांडला.

तुम्हाला वाटेल, यात चहा सांडण्यासारखं काय आहे? मोंढ्याजवळ माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकल पार्टांचं दुकान आहे. तिथं माणसं दिवसभर हेच मागतात. पण सरांनी माझ्याकडून नवी वस्तू कधी घेतलीच नव्हती. कार्बन तेवढा घ्यायचे. डायनामोच्या आत घासत राहणारा, बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा म्हणजे कार्बन. तो झिजण्यासाठीच जन्माला येतो, म्हणून सरांच्या धर्मात त्याला माफी होती. बाकी नवं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"नवा सेल्फ दे. हॉर्न दे, बॅटरी दे, वायरिंगचा आख्खा सेट दे," ते पुढं म्हणाले. "जुनं जे निघेल ते भंगारात घाल. मला परत नको."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला वाटलं, ऊन लागलं असावं. पण ते दिवस उन्हाचे नव्हते, थंडी नुकती सरत होती.

"सर, तब्येत बरी आहे ना? सेल्फ तर तुमचा ठणठणीत आहे."

"विकायला बसलायस ना? मग विक."

एवढं बोलून ते निघून गेले, रोजच्या स्टुलावर न बसता. मी फडकं शोधत राहिलो आणि चहा काउंटरवरून माझ्या पँटवर आला.

सर म्हणजे तंत्रनिकेतनातले आमचे सर. विजेची यंत्रं शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी पंख्याची एक काळवंडलेली मोटर टेबलावर ठेवली होती आणि विचारलं होतं, "हे काय आहे?"

मी पुढच्या बाकावर होतो. शहाणपणा नडला. "जळालेली मोटर, सर."

"जळाली हे तुला कुणी सांगितलं? वास घेतलास?"

मग त्यांनी ती मोटर आख्ख्या वर्गात फिरवली आणि प्रत्येकाला तिचा वास घ्यायला लावला. गावाकडून आलेली आम्ही पोरं, नाकाला काजळी लावून एकमेकांकडं बघत होतो. "बिघडलीय म्हणायचं," सर म्हणाले. "बिघडणं म्हणजे मरणं नाय." हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की दुकानाच्या पाटीवर लिहावं की काय असं वाटायचं. पण पार्ट विकणाऱ्याच्या पाटीवर ते लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

सर चौकोनी बॅटरी जिभेवर टेकवून तिच्यात जीव आहे का ते बघत. चालू इंजिनावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. एकदा क्रांती चौकात सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी मोटारसायकलवाल्याला त्यांनी खिडकीतून सांगितलं, "तुझा प्लग चुकतोय, घरी जाऊन साफ कर." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्याला सगळं समजावून झाल्याशिवाय सरांची गाडी हलली नाही. मी शेजारी बसलो होतो. कुठं तोंड लपवावं कळेना.

ती गाडी म्हणजे अँबॅसेडर. एके काळची दुधी, आता कुठल्याच रंगाची म्हणता येणार नाही अशी. गारखेड्यात त्यांचं घर, आणि घरापेक्षा ही गाडीच आधी दिसायची. तिच्यातला विजेचा एकेक भाग गाडीबरोबर कारखान्यातून आलेला होता आणि एकेक भाग सरांनी उघडून, घासून, पुन्हा गुंडाळून जिवंत ठेवला होता. नव्या गाड्यांमध्ये वीज तयार करायला अल्टरनेटर असतो, हिच्यात जुना डायनामो. "नवा अल्टरनेटर बसवा, सर, कटकट मिटेल," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी असं बघितलं की जणू मी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, माहेरी पाठवायला सांगत होतो.

घरातही तेच. इस्त्री, मिक्सर, दारावरची बेल, सगळं पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेलं. मिक्सर लावला की शेजारच्या घरातलं मूल रडायला लागायचं. बेल कुणी दाबली नाही तरी वाजायची. काकू दोन्हीकडं कानाडोळा करायच्या.

निवृत्त झाल्यावर सर रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. "काय शेठ, किती जणांना टोपी घातली आज?" हा रामराम. मग स्टूल ओढायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. माझ्यापेक्षा जास्त आतुरतेनं.

एकदा एक जीपवाला जुना सेल्फ घेऊन आला. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करणारी मोटर. "नवा द्या," म्हणाला. मी नवा डबा काढला, फोडायला लागलो, तेवढ्यात सरांचा हात पुढं आला. "बघू."

"सर, राहू द्या ना."

"अरे, नुसतं बघतो."

काउंटरवर, माझ्याच पान्यानं, त्यांनी तो सेल्फ उघडला. आतली काजळी स्वतःच्या रुमालानं पुसली, कार्बन घासला, झाकण लावलं आणि माझ्याच बॅटरीवर टेकवून फिरवून दाखवला. तो घर्रर्र आवाज ऐकून जीपवाल्याचे डोळे विस्फारले. त्यानं सरांच्या पायाला हात लावला, मला नुसता हात केला आणि गेला. मी नव्या सेल्फचा अर्धा फोडलेला डबा हातात धरून उभा.

"सर, अशानं माझ्या पोराबाळांनी खायचं काय?"

"इमानाचं खायचं," सर म्हणाले. "चहा सांग."

त्यांना येऊ नका म्हणायची माझी हिंमत नव्हती. शिकवलेलं होतं त्यांनी. आणि खोटं कशाला बोलू, सकाळी ते स्टूल रिकामं दिसलं की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून सरांनी आपली अँबॅसेडर आणली होती. नको म्हणायची सोय नव्हती. गाडी मांडवापर्यंत नीट आली, मी उतरलो, अक्षता वाटल्या गेल्या, आणि पहिल्या मंगलाष्टकाला बाहेर तिचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. तो थांबेचना. गुरुजी आवाज चढवायला लागले, हॉर्न काही उतरेना. माझे मामा पक्कड घेऊन धावले, तार कापून टाकू म्हणून. सर हात पसरून बॉनेटसमोर आडवे. "तार कापायची नाय! आख्खी तार आहे ती, एकपण जोड नाय तिच्यात!" मामा तापट, सर हट्टी. अंतरपाटाच्या अलीकडं मी पाटावर उभा, आणि बाहेर माझा मामा आणि माझे सर यांची जुंपलेली. शेवटी सरांनी स्टिअरिंगवरचं बटण उघडून, आत अडकलेली स्प्रिंग नखानं सोडवली. लग्न लागलं. अजूनही माझी बायको चिडली की म्हणते, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाडी बोंबलून सांगत होती."

उन्हाळ्यात मी गावाकडच्या बागेतली केशर आंब्याची पेटी सरांकडं पोचवायचो. ती उघडायचा सोहळा ठरलेला. काकू व्हरांड्यात विळी घेऊन बसायच्या, फोडी करून ताटली आमच्यापुढं सरकवायच्या. सर आंबा खाताना सर राहायचे नाहीत. मनगटापर्यंत रस, कोय चोखून पांढरी. मी दरवर्षी म्हणायचो, "काकू, तुम्ही?" काकू दरवर्षी दुसरीकडं बघत म्हणायच्या, "नको रे. मला आवडत नाय."

"हिची जीभ बिघडलेली आहे," सर म्हणायचे. "तेवढी एक वस्तू मला दुरुस्त करता आली नाही."

आणि आंबे खाता खाता त्यांचा तो जुना किस्सा हमखास निघायचा. नोकरीच्या सुरुवातीला, लग्न नुकतंच झालेलं असताना, प्रयोगशाळेत ते विजेला चिकटले होते. फेकले गेले, दवाखान्यात नेलं, बराच वेळ शुद्ध नव्हती. हा किस्सा ते लई रंगवून सांगायचे. "कशानं वाचलो सांग? रबरी चपलेनं! त्या दिवशी चामड्याची असती तर आज भिंतीवर हार असता." काकू खाली मान घालून फोडी करत राहायच्या.

देवाधर्मावरून दोघांचं कधी भांडण नव्हतं, कारण वाटणी झालेली होती. काकू सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जायच्या. सर गाडी चालवत न्यायचे, बाहेर झाडाखाली लावायचे आणि आत बसून राहायचे. "नारळ द्यायचा, काम करून घ्यायचं. देव आहे की लाचखाऊ कारकून?" असं नवसाबद्दल त्यांचं मत. "व्हय, व्हय," काकू म्हणायच्या, "तुम्ही बसा गाडीत. मी तुमच्या वाटणीचं बी हात जोडून येते."

तर हा असा माणूस माझ्या दुकानात येऊन सगळं नवं मागून गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सामान घेऊन गारखेड्याला गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवायचा धीर झाला नाही. घराला कुलूप नव्हतं, पण आत काकूंची चाहूल नव्हती. मी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "काकू?"

"दवाखान्यात. हार्टचा झटका. आता बरी आहे, चार-दोन दिवसांत सोडतील. मुलगी आलीय पुण्याहून, ती आहे तिथं." हे सगळं ते एका सुरात बोलले. माझ्या हातातला पाना बॉनेटच्या कडेवर आपटला.

"आणि तुम्ही मला काल काही बोलला नाहीत?"

"तू काम कर."

मी डायनामो सोडवायला लागलो. सर माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ज्या माणसानं मला हातात पाना कसा धरायचा ते शिकवलं, तो माझं काम बघत नव्हता. मग भिंतीशीच बोलावं तसं त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"सोमवारी वेरूळहून येत होतो. खुलताबाद सोडलं, दौलताबादकडं उतारावर लागलो आणि गाडी बंद. डायनामो मेला."

मी थांबलो. "मेला" हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"बॅटरी उतरली होती पार. मी बॉनेट उघडलं. म्हटलं, कार्बन अडकला असेल, रोजचंच काम. ही आत बसलेली. म्हणाली, अहो, जरा कसंतरी होतंय. मी म्हटलं, झालंच. एक काळीपिवळी जीप थांबली. चाचा, कुछ मदत होना क्या, विचारलं त्यानं. मी म्हटलं, तू जा रे बाबा, ये अपना रोज का है."

ते भिंतीवरचा एक पोपडा नखानं काढायला लागले.

"बॉनेट उभं असलं की आतलं माणूस दिसत नाय रे. मला आयुष्यात हे सुचलं नव्हतं. कार्बन सुटला तेव्हा मला आनंद झाला, माहितीय? शीळ घातली मी. शीळ घालत बॉनेट पाडलं, तर ही दारावर कलंडलेली. घामानं चिंब. डोळे उघडे होते. किती वेळापासून ती मला हाका मारत होती, काय माहीत."

एका टेम्पोवाल्यानं दोघांना शहरात आणलं; गाडी नंतर दोरीनं ओढून घरी आणावी लागली. डॉक्टरांनी नळी घालून, बंद झालेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. सरांनी त्यांना विचारलं म्हणे, "दुरुस्त केलं की बदललं?" डॉक्टर म्हणाले, दुरुस्तच म्हणा. आणखी थोडा उशीर झाला असता तर तेही जमलं नसतं, असंही म्हणाले.

"तिला आत नेलं तेव्हा मी पार्किंगमध्ये गेलो," सर म्हणाले. "वेरूळकडं तोंड केलं आणि हात जोडले."

पाना माझ्या हातातून खाली पडला तो गाडीखाली घरंगळत गेला.

"सर? तुम्ही?"

"लोक सोडतात ना काहीतरी. वांगं सोडतात, चहा सोडतात. वांगं मला आवडतच नाय. ते सोडणं म्हणजे देवाला फसवणं. मला आवडणारी गोष्ट एकच आहे." ते माझ्याकडं वळले. डोळे लाल झालेले. "ही वाचली तर आयुष्यात कशाचीच दुरुस्ती करणार नाय. बिघडलं की फेकायचं, नवं आणायचं. असं बोललो मी. हिला सांगायचं नाय. ऐकतोयस का?"

एरवी देवाला हात न जोडणारा माणूस एकदाच नवस बोलला, आणि बोलला तो असा. कुणी स्वतःचे हात कापून द्यावेत तसं वाटलं मला. मी अल्टरनेटर बसवला, सेल्फ बसवला. निघालेलं जुनं सामान पोत्यात भरून दुकानात आणलं. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी त्याला म्हणालो, "नंतर बघू."

काकू घरी आल्या. सर पुन्हा दुकानात यायला लागले. स्टुलावर बसायचे आणि गप्प. गिऱ्हाईक जुना पार्ट घेऊन आलं की हात मांडीखाली दाबून धरायचे. एकानं थेट त्यांनाच विचारलं, "काका, हा दुरुस्त होईल का हो?" सोडून आलेल्या घराकडं बघावं तसं सरांनी त्या पार्टाकडं बघितलं. मग म्हणाले, "शेठला विचारा. शेठ नवा देतील."

माझा धंदा त्या दिवसांत बरा झाला. पण गल्ल्यात हात घालताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

मग एके सकाळी काकूंचा फोन आला. "आहेस तसा ये."

मी गेलो. काकू व्हरांड्यात शाल पांघरून खुर्चीत बसलेल्या. चेहरा उतरलेला, आवाज मात्र खणखणीत. पुढ्यात जुनी इस्त्री आणि जुना मिक्सर. आत ओट्यावर कोरा करकरीत मिक्सर चमकत होता. सर कोपऱ्यात उभे, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे.

"ही इस्त्री मी घंटागाडीतून परत काढायला लावली," काकू म्हणाल्या. "नुसती वायर सैल झालती. आन् ह्यांनी फेकली! हा मिक्सर चालू हाय, तरी नवा आणला. बेल नवी, गाडीत सगळं नवं. डॉक्टरनं झटका मला आला म्हणून सांगितलं, का ह्यांना आलाय? तू विकलंस ना सगळं? बोल, काय झालंय ह्यांना?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी जमिनीकडं बघितलं.

"मी नवस बोललो," ते म्हणाले.

काकू आधी हसल्या. खरंच हसल्या, छातीला हात लावून. "नवस? तुम्ही?" मग त्यांना कळलं की हा विनोद नाही, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विरलं. सरांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. घाट, बॉनेट, पार्किंग. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी त्यांना भयंकर राग आला. ही दोन्ही कामं एकाच वेळी करताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

"अहो, नवस कसा बोलतात ते तरी म्हाईत हाय का तुम्हाला? आपण सोडायचं ते आपल्यापुरतं सोडावं! त्याची झळ आपल्याला लागावी, घराला नाय! चांगल्या वस्तू घंटागाडीत टाकायच्या, हा कुठला नवस? मी तुमच्यासाठी आंबा सोडला, तर घरादाराचा आंबा बंद केला का मी?"

काकूंनी तोंडावर पदर घेतला, पण शब्द निघून गेला होता.

"कुठला आंबा?" सर म्हणाले.

काकू शालीचं टोक सारखं करायला लागल्या.

"तुला तर आंबा आवडत नाय."

"माहेरी आढीवर बसून खायची मी," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आई म्हणायची, ही पोरगी गवतासकट खाती का काय. तुम्ही लॅबमधी चिकटलात, शुद्धीवर येईनात. तवा बोलले. घृष्णेश्वरालाच."

सर तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला दिसत होतं, कारण तेच माझ्या डोक्यात चाललं होतं. इतके उन्हाळे, इतक्या पेट्या. या बाईनं फोडी करून आमच्या ताटल्या भरल्या, बोटाला लागलेला रससुद्धा पाण्यानं धुतला, आणि आम्ही दोघं तिच्यासमोर कोया चोखत तिच्या जिभेची चेष्टा करत होतो.

"पण मी तर..." सर अडखळले. "मी तर रबरी चपलेमुळं..."

"व्हय," काकू म्हणाल्या. "चपलेमुळंच."

सर मटकन खाली बसले, फरशीवरच. मी त्यांना उठवायला पुढं झालो, तर काकूंनी हातानंच मला थांबवलं. नवी बेल गप्प होती. जुनी असती तर नक्की वाजली असती.

शेवटी काकूंनीच डोळे पुसले. "बोललात ते बोललात. देवाला दिलेला शब्द हाय, आता फिरवता येत नाय. तुम्ही कशाला हात लावायचा नाय. पण नवस तुमचा हाय. मी कुठं दुरुस्ती सोडलीय?" त्या माझ्याकडं वळल्या. "जुनं सामान भंगारात घातलंस?"

"नाही, काकू. पोत्यात आहे. काउंटरखाली."

"मला वाटलंच. घेऊन ये. त्यो अल्टर का फल्टर काढून ने. बॅटरी तेवढी नवी ऱ्हाऊ दे, जीव टांगणीला नको. आन् तुम्ही ऐका," त्या सरांना म्हणाल्या, "इथून पुढं गाडी रस्त्यात थांबली, तर आधी पहिल्या जीपला हात करायचा. बॉनेट मागून."

अशी त्या व्हरांड्यात शाळा भरली. डॉक्टरांनी काकूंना जड काम करायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेव्हा उचलणं, पिळणं मी करायचो, आणि बारीक काम त्या. चष्मा लावून, डायनामो मांडीजवळ घेऊन. सर शेजारी उभे, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून, आणि तोंड सुरू. "हळू घास. तिरका धरलायस. अगं, स्प्रिंगला जप!" एकदा राहवलं नाही आणि त्यांचा हात पुढं आला. काकूंनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं त्यावर टपली मारली. "नवस!" सरांनी हात पुन्हा मागं बांधला. मी इतका हसलो की माझ्या हातातले स्क्रू सांडले, आणि ते शोधायला आम्ही दोघं मांडी घालून बसलो. सर उभेच. स्क्रू शोधणं हे दुरुस्तीत मोडतं की नाही, याचा निकाल त्यांना लावता येईना.

काकूंना ते काम पटकन आलं असं नाही. पहिल्यांदा डायनामो जोडला तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जळका वास आला आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. तिसऱ्यांदा गाडी सुरू केली, आणि समोरचा तांबडा दिवा विझला. डायनामो वीज करायला लागला की तो दिवा विझतो. काकूंना वाटलं पुन्हा बिघडलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांना कळलं की जमलं.

दुसऱ्या दिवशी सर स्टुलावर येऊन बसले. "काय शेठ, किती जणांना टोपी घातली?" मी चहा सांगितला. थोड्या वेळानं एक रिक्षावाला जुना हॉर्न घेऊन आला आणि नवा मागायला लागला. सरांनी मांडीखालचे हात न काढता त्याला सांगितलं, "दुरुस्त होतंय ते. गारखेड्याला आमच्या हिच्याकडं ने."

म्हणजे माझं गिऱ्हाईक तोडायला आता दोघं झाले होते.

उन्हाळा आला. मी नेहमीसारखी केशरची पेटी घेऊन गेलो खरा, पण या वेळी पाऊल जड होतं. नेऊ की नको, यावर बायकोशी बोललो होतो. ती म्हणाली, "न्या. नाही नेली तर काकूंनाच वाईट वाटेल." काकू व्हरांड्यात कुणाचा तरी कार्बन पॉलिश पेपरवर घासत बसल्या होत्या. बोटं काळी. तशाच उठल्या, हात साबणानं धुतले, विळी घेतली, आणि दरवर्षीसारख्या फोडी करून ताटली आमच्यामध्ये सरकवली. मग पुन्हा कार्बन घेऊन बसल्या.

सरांनी ताटली माझ्याकडं लोटली.

"घ्या ना, सर."

"नको रे," सर दुसरीकडं बघत म्हणाले. "मला आवडत नाय."

काकूंचा घासणारा हात थांबला. त्यांनी सरांकडं बघितलं, सर गाडीकडं बघत होते. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तू खा की रे," त्या मला म्हणाल्या. "तू कशाला थांबलास?"

आंब्याचा वास साऱ्या व्हरांड्यात पसरला होता, आणि मला त्या ताटलीतली एक फोड उचलवेना.